बिराजदार सरांची हद्दपारी

बिराजदार सर गेले, त्याच्या आठव्या दिवशी कॉलेजात शोकसभा झाली. एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "सर अत्यंत शांत, मितभाषी आणि सगळ्यांशी जुळवून घेणारे होते." माझ्या शेजारी गड्डम बसला होता, माझा बी.ए.चा वर्गमित्र. तो हळूच म्हणाला, "सुनंदा, आपण चुकीच्या माणसाच्या सभेला आलो काय की." मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला, तर मागच्या बाईंना वाटलं मी रडतेय, आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

शांत म्हणे. सर वर्गात बोलायला लागले की समोरच्या रस्त्यावरचा चहावाला चाँदभाई रेडिओ बंद करायचा, कारण काही उपयोगच नसायचा. आणि जुळवून घेणं? त्या माणसाचं स्वतःच्या छत्रीशीसुद्धा जुळत नव्हतं. गेलेल्याबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं. म्हणून म्हटलं आपणच लिहून ठेवू.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी वैरागहून सोलापूरला बी.ए. करायला आले. इतिहास घ्यावा असं काही माझ्या मनात नव्हतं. जून संपत आला तरी ऊन कमी होत नव्हतं, ॲडमिशनची रांग बाहेर पत्र्याखाली होती, आणि कोपऱ्यातल्या एका वर्गात पंखा चालू दिसला. मी आत जाऊन बसले. समोर एक उंच, काळासावळा, हाडकुळा माणूस शर्ट-पँटवर सोलापुरी चादर गुंडाळून उभा होता. चांगली जाड, लाल-काळ्या नक्षीची. घामाच्या धारा लागल्या होत्या. एक खांदा उघडा टाकायचा म्हणून तो चादरीशी झटापट करत होता, आणि बाकावर बसलेल्या आठ-नऊ पोरांना सांगत होता, "ग्रीक माणूस असाच हिंडायचा. शिवण नाही, गुंडी नाही, शिंप्याची कटकट नाही. हे असं पांघरून अख्खं राज्य चालवलं लोकांनी."

मी म्हटलं, "त्यांना उकडत न्हवतं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांनी चादर सावरली. "नाव काय तुझं?"

"सुनंदा. पण मी ह्या वर्गातली न्हाय. मी पंख्याला आलेय."

"पंखा इतिहास विभागाचा आहे," सर म्हणाले. "बसलीस म्हणजे ॲडमिशन झाली." आणि त्यांनी खरोखर माझं नाव वहीत लिहिलं. मला नंतर कळलं की प्राचीन ग्रीसच्या पेपरला दहा विद्यार्थी लागायचे. नऊ भरले तर पेपर बंद. दरवर्षी जूनमध्ये सर ॲडमिशनच्या टेबलाशी दबा धरून बसायचे आणि पोरं पकडायचे. दहावी मी. दुसऱ्या दिवशी त्यांनी गड्डमला पकडलं, तो खरा कॉमर्सला चालला होता. त्याला म्हणाले, "ह्या पेपरात नुसत्या गोष्टी असतात, अभ्यास नसतो." धादांत खोटं होतं ते. इतका अभ्यास मी पुढं बी.एड.लाही केला नाही.

सर मूळचे अक्कलकोटच्या पलीकडचे, घरात कन्नड बोलणारे. रागावले की मराठी वाक्य मधेच सोडून कन्नडमध्ये शिरायचे आणि तिकडून मोठी फेरी मारून परत यायचे. ग्रीसला ते कधी गेले नव्हते. पासपोर्टच नव्हता. पण अथेन्सबद्दल अशा खात्रीनं बोलायचे की जसं काही होटगीच्या पुढचंच स्टेशन आहे. "ग्रीक माणूस म्हणजे काय?" स्टाफरूमच्या दारात उभं राहून कडक भाकरी मुठीनं फोडत ते विचारायचे, आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. "तेल, कांदा, लसूण आणि भांडण. आपलंही तेच. फक्त आपलं तेल करडईचं."

स्पार्टा शिकवताना म्हणाले, "स्पार्टा म्हणजे तालीम. पोरगं सात वर्षांचं झालं की उचलून तालमीत. खायला कमी, मार जास्त, बोलायचं दोन शब्द." मग तिथल्या काळ्या रश्श्याचं सांगितलं. डुकराचं रक्त घालून करायचे म्हणे. एका पाहुण्यानं तो चाखला आणि म्हणाला, हे लोक लढाईत मरायला का घाबरत नाहीत ते आत्ता कळलं. गड्डम म्हणाला, "सर, आमच्या मेसला येऊन बघा की एकदा." त्यावर सर इतके खूश झाले, की खरंच आले. डब्यातली आमटी चाखून म्हणाले, "स्पार्टा बरं."

पहिल्याच आठवड्यात अथेन्सची लोकशाही आली. सर रंगात येऊन सांगत होते, डोंगरावर सभा भरायची, कुणीही उठावं, बोलावं, हात वर करून मत द्यावं. मी विचारलं, "बायकांना मत व्हतं का?"

"नव्हतं."

"गुलामांना?"

"नव्हतं."

"बाहेरून येऊन राहिलेल्यांना?"

"नाही."

"मग ही कसली लोकशाही? गावकीच की ही."

मला वाटलं आता कन्नड सुरू होणार. सर टेबलावर बसले, खिशातला खडूचा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे फळ्यावर लिही. मोठ्या अक्षरात. पुसायचं नाही." महिनाभर ते फळ्यावर होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण बोललेलं कुणीतरी ऐकतं. वैरागला असं बोलले असते तर आईनं पाठीत धपाटा घातला असता.

त्यांची एक लई वाईट खोड होती. कुणीही भेटलं की विचारायचं, "पुढचं पान वाचलं का?" वर्गात तर विचारायचेच, पण शिपायालाही विचारायचे. चाँदभाई पेपर वाचत असला तर त्यालाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी हे विचारल्याचं मी स्वतः पाहिलंय. आम्ही सगळे "हो सर" म्हणायचो. पुढचं पान कुणी वाचत नव्हतं.

आता खापरांचं सांगते.

अथेन्समध्ये वर्षातून एकदा एक विचित्र मतदान व्हायचं. ज्याचं प्रस्थ फार वाढलंय असं वाटेल, त्याचं नाव मातीच्या खापरावर कोरायचं. ज्याच्या नावाची खापरं जास्त, त्यानं दहा वर्षं गाव सोडायचं. आरोप नाही, खटला नाही, बाजू मांडायची सोय नाही. घरदार, इभ्रत सगळं शाबूत, फक्त माणूस बाहेर. सर म्हणायचे, "आपण एकमेकांवर खापर फोडतो, त्यांनी त्यावर नाव लिहिलं. एवढाच फरक." आणि त्यातली एक गोष्ट त्यांची फार लाडकी होती. एका अडाणी शेतकऱ्यानं शेजारच्या माणसाला खापर देऊन म्हटलं, ह्यावर अमक्याचं नाव लिहून दे. तो शेजारचा माणूसच तो अमका. त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय वाकडं केलंय? शेतकरी म्हणाला, काही नाही रे, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतोय, कान किटले. त्या माणसानं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून दिलं.

हे मतदान सर दरवर्षी वर्गात घ्यायचे. कुंभार वेशीतून फुटक्या माठांची खापरं आणायचे, प्रत्येकाला एक खिळा द्यायचे. निवडून आलेल्यानं दहा दिवस वर्गात यायचं नाही. पोरं दरवर्षी एखाद्या गरीब प्राण्याला बाहेर काढायची, तो आनंदानं जायचा.

आमच्या वर्षी मतदान संक्रांतीच्या तोंडावर आलं. म्हणजे सिद्धेश्वरची यात्रा, गड्डा. अख्खं सोलापूर त्या दिवसांत गड्ड्यावर असतं, पण बिराजदार सर गड्ड्यातही तास घ्यायचे. एकाला हद्दपार करून एकालाच सुट्टी. सर्वांना सुट्टी हवी तर काय करावं, ह्यावर आम्ही चाँदभाईच्या टपरीवर खूप खल केला. डोकं गड्डमचं.

वर्गात त्यानं हात वर केला. उजवा प्लास्टरमध्ये होता, सायकलवरून पडला होता, म्हणून डावा. "सर, वर्गातल्या कुणाचंबी नाव चालतंय न्हवं?"

"चालतं."

"तुमी वर्गात हाय का न्हाय?"

"आहे," सर म्हणाले.

"मग माझा हात मोडलाय. मला जरा नाव लिहून द्या की."

"कुणाचं?"

"तुमचंच, सर."

सरांचा चेहरा असा फुलला, जसं पोरगं जिल्ह्यात पहिलं आलंय. त्यांनी खापर घेतलं, खिळा घेतला आणि वळणदार अक्षरात 'बिराजदार' कोरून गड्डमच्या डाव्या हातात दिलं. "तुला वर्षभर येऊन एक तरी गोष्ट कळली रे," म्हणाले. मग सरांनीच एकेक खापर वाचून दाखवत मोजणी केली. अकरा खापरं. सर सहा, बाकीची पाच इकडं-तिकडं. सहातलं एक माझं होतं. मला गड्ड्यात मौत का कुआं बघायचा होता, दुसरं काही कारण नाही.

सरांनी खडू टेबलावर ठेवला, छत्री घेतली आणि निघून गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

हा माणूस ते इतकं खरं धरील असं कुणाला वाटलं होतं? सरांनी कॉलेजच्या हद्दीत पाऊल टाकायचं सोडलं. रजेचा अर्ज शिपायाच्या हाती पाठवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'विद्यार्थ्यांनी लोकशाही मार्गाने हद्दपार केल्यामुळे'. प्राचार्यांनी तो अर्ज तीनदा वाचला म्हणे आणि मग बी.पी.ची गोळी घेतली. सर रोज साडेदहाला घरून निघायचे आणि फाटकासमोर चाँदभाईच्या टपरीवर येऊन बसायचे, पाच वाजेपर्यंत. चाँदभाईनं विचारलं, "बच्चेलोगां तुमना निकाल दिये क्या सर?" सर म्हणाले, "बहुमतानं." त्यात त्यांना अभिमानच वाटत होता.

चौथ्या दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. कमी विद्यार्थी असलेल्या पेपरांची तपासणी होती. सातव्या दिवशी समिती येणार, चालू तास बघणार, आणि कुठला पेपर ठेवायचा, कुठला बंद करायचा ते ठरवणार. सर पंचवीस वर्षं तो पेपर शिकवत होते, जूनमध्ये पोरं पळवून तो जगवत होते. तो गेला तर त्यांच्याकडं ग्रीकांचं काही उरणारच नव्हतं.

प्राचार्य स्वतः रस्ता ओलांडून टपरीवर गेले. "बिराजदार, हा पोरखेळ बंद करा आणि आत चला."

"मला बाहेर तुम्ही काढलेलं नाही. आत तुम्ही बोलवू शकत नाही."

पाचव्या दिवशी मी आणि गड्डम गेलो. गड्ड्याची हौस एव्हाना फिटली होती, आणि पत्राचंही कळलं होतं. मी म्हटलं, "सर, चुकलं आमचं. चला ना आत."

"तुम्ही दोघं आहात."

"मग सगळे अकरा येऊन पाया पडू का?"

"पाया कशाला पडता?" सर म्हणाले. मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "पुढचं प्रकरण वाचलं का?"

गड्डमला रागच आला. "सर, तुमचा पेपर जायला लागलाय. ही येळ हाय का त्याची?"

"ह्याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली?"

आम्ही चिडून परत आलो. मी तर वाटेत म्हटलंसुद्धा, असल्या माणसाचं देवसुद्धा भलं करणार नाही.

सातव्या दिवशी जीप आली. तिघंजण वर्गात आले. आम्ही अकराही हजर, खुर्ची रिकामी. एकानं विचारलं, "शिक्षक कुठं आहेत?" मी म्हटलं, "हद्दपार." गड्डमनं उभं राहून, प्लास्टरचा हात हलवत, दहा मिनिटं खापरांची सगळी पद्धत त्यांना समजावून सांगितली. इतकं सुरेख बोलला की मला रडू यायला लागलं. समितीनं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि लिहिलं, 'शिक्षक उपलब्ध नाहीत'. जूनमध्ये पेपर बंद झाला. आमची बॅच शेवटची.

अकराव्या दिवशी सर वेळेवर वर्गात आले. पुस्तक उघडलं, म्हणाले, "हे पुढचं प्रकरण तुमचं तुम्ही वाचा," आणि त्याच्या पुढच्यावर गेले. परीक्षेला आम्ही गाइड वाचलं. उरलेली चार वर्षं सरांना पर्यावरणाचे तास मिळाले, सव्वाशे पोरांच्या वर्गावर. तेही त्यांनी अशा आवाजात शिकवलं की पोरं झाडाजवळ जायला बिचकायची.

मी पुढं इथंच एका शाळेत लागले. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये, नववीच्या पोरांना काहीतरी गोष्ट सांगावी म्हणून ट्रंकेतलं ते जुनं पुस्तक काढलं. खापरांचं प्रकरण वाचलं आणि अनायासे पान उलटलं. पुढच्या प्रकरणात चार ओळी होत्या. इराणचा बादशहा अथेन्सवर चालून यायला निघाला, तेव्हा अथेन्सच्या लोकांनी सभा भरवली, ठराव केला, आणि हद्दपार केलेल्यांना मुदत संपायच्या आधी परत बोलावून घेतलं. संकट आलंय, आपली माणसं आत हवीत म्हणून.

मी ते तसंच हातात धरून बसले. अकरा पोरांनी हात वर करायचा होता, बस. तेवढंच करायचं होतं. आधी माझी मला लाज वाटली, आणि मग सरांचा असा संताप आला की दुसऱ्या दिवशी रविवार होता तर सकाळीच स्कूटी काढली आणि कुंभारीला गेले. निवृत्त झाल्यावर सर तिथं लेकाकडं राहायला गेले होते.

सर ओसरीवर लुंगी-बनियनवर बसले होते. चौऱ्याहत्तरीचे, दात थोडे, आवाज तेवढाच. मी चप्पलही न काढता पुस्तक त्यांच्या पुढ्यात टाकलं. "हे सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

त्यांनी चष्मा लावून ओळी वाचल्या, जणू पहिल्यांदाच. "वाचलंस?"

"वीस वर्षांनी. एक शब्द बोलला असता तर पेपर वाचला असता."

"मी सांगून तुम्ही हात वर केला असता, तर ती माझीच सभा झाली असती ना?" मग चष्मा काढत म्हणाले, "जीप आली तेव्हा उठलो होतो मी. फाटकापर्यंत गेलो. वाटलं, आत कुणीतरी वाचलं असेल, आत्ता येतील बाहेर." पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. पोरांवर पैज लावू नये."

"एक मत माझं होतं," मी म्हटलं.

"ते मीच वाचून दाखवलं की. तुझं अक्षर काय ओळखत नव्हतो मी?"

काकू चहा घेऊन आल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी हात वर केला. "सभा भरली असं समजा. तुम्हाला परत बोलवायचा ठराव."

सर हसले नाहीत. म्हणाले, "अकरात सहा लागतात."

मी गड्डमला फोन लावला. त्याचं आता टॉवेलचं दुकान आहे. तो म्हणाला, "हो तर हो की, त्यात विचारायचं काय," आणि बाकीच्यांना फोन करत सुटला. पाऊण तासात पाच झाले. एकजण वारलेला निघाला. मी म्हटलं, मग दहाच धरा. सर म्हणाले, "मेला म्हणजे नागरिक नव्हता असं होत नाही." एकजण म्हणाला, "त्यांनी मला सत्तावीस मार्क दिलेत, मी परत काढीन त्यांना." दोघांचे नंबर बदललेले. एक फोन उचलेना. आणि पुण्याची मंगल रविवार असून मीटिंगमध्ये होती.

"पाच," सर म्हणाले. "ठराव फेटाळला." आणि उठून आत झोपायला गेले.

मी काकूंना म्हटलं, "काय माणूस आहे हो हा." काकू म्हणाल्या, "मला विचारतेस? पन्नास वर्षं झाली." मी तणतणत स्कूटी काढली. अक्कलकोट रोडवर पंपाजवळ पोचले असेन, तोवर गड्डमचा फोन. मंगलचा उलटा फोन आला होता. ती हो म्हणाली होती, आणि रडलीही होती म्हणे. गड्डम म्हणाला, "घेऊन ये त्यांना दुकानावर. सगळ्यांना बोलवतो. ते राहिलेलं प्रकरण घेऊ दे त्यांना."

मी गाडी वळवली.

लांबूनच घराचं फाटक दिसलं. सर फाटकाशी उभे होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, पँट, पायात चप्पल, काखेत छत्री. मार्चचं रखरखीत ऊन त्यांच्या डोक्यावर होतं. काकू मागून ओरडत होत्या, "तू गेलीस तसे उभे आहेत गं हे. बस म्हटलं तर बसत नाहीत."

मी गाडी थांबवली.

"किती?" सरांनी विचारलं.

"सहा."

त्यांनी मान हलवली, फाटकाची कडी काढली आणि बाहेर येऊन स्कूटीच्या मागच्या सीटवर बसले.